‘ताप’ गेला, देवळाली उरली

एखादी वस्तू टुकार आहे, तकलादू आहे किंवा नुसतीच दिखाऊ आहे, हे सांगण्यासाठी इंग्रजी भाषेत शब्दांची वाण नाही. त्यातील काही शब्दांचे मूळ शोधत गेले, तर ते एखाद्या गावाच्या वेशीवर जाऊन थांबते. ‘ब्रमेजम’ हा असाच एक शब्द. स्वस्त, भपकेबाज आणि बनावट माल असा त्याचा अर्थ. हा शब्द म्हणजे दुसरे तिसरे काही नसून बर्मिंगहॅम या शहराच्या नावाचा स्थानिक उच्चार आहे. सतराव्या शतकात तेथे खोटी नाणी पाडली जातात, अशी ख्याती झाली. पुढे तेथील कारखान्यांतून स्वस्त बटणे आणि नकली दागिने बाहेर पडू लागले आणि शहराच्या नावावर कमअस्सलपणाचा शिक्का बसला. ‘टॉड्री’ या शब्दाची कथाही अशीच. इंग्लंडमधील इली गावी संत ऑड्रीच्या नावाने जत्रा भरत असे. त्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या रेशमी गळपट्ट्यांना या संत स्त्रीचे नाव मिळाले. कालांतराने माल घसरला, नावाचाही अपभ्रंश झाला आणि आज ‘टॉड्री’ म्हणजे हलक्या प्रतीचे, भडक, बाजारू. नाव एका साध्वीचे आणि अर्थ मात्र असा!

परदेशातील या गमती वाचून आपण हसतो आणि पुढे जातो. परंतु अनौपचारिक इंग्रजीतील अशाच एका हेटाळणीच्या शब्दात आपल्या नाशिकजवळचे एक गाव अडकून पडले आहे, हे अनेक नाशिककरांनाही ठाऊक नसते. ते गाव म्हणजे देवळाली आणि तो शब्द म्हणजे ‘डूलॅली’.

शब्दाचा आजचा अर्थ

ब्रिटनमध्ये एखाद्या माणसाविषयी ‘तो डूलॅली झाला आहे’ असे म्हटले, तर त्याचे डोके ठिकाणावर नाही, तो भ्रमिष्टासारखा वागतो आहे, असा अर्थ घेतला जातो. शब्द शिवराळ नाही. थट्टेच्या सुरात, बहुधा घरगुती बोलण्यात तो येतो. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारे आजोबा, लग्नाच्या तयारीने भांबावलेली वधूमाय, मध्येच चक्रम निर्णय घेणारा वरिष्ठ, अशा कोणालाही तो चिकटवता येतो. आणि माणसांपुरताच तो राहिलेला नाही. संगणक अचानक भलतेच काही दाखवू लागला, घड्याळ मनाला येईल तशी वेळ सांगू लागले, धुलाईयंत्र थरथरत जागा सोडू लागले, तरी इंग्रज गृहिणी म्हणते, हे यंत्र डूलॅली झाले. म्हणजे डोके बिघडलेला माणूस ते बिघडलेली वस्तू असा या शब्दाचा प्रवास झाला आहे. ऑक्सफर्डसह सर्व प्रमुख इंग्रजी शब्दकोशांत तो आहे आणि त्याच्या व्युत्पत्तीत देवळालीचे नावही आहे.

प्रश्न असा की, नाशिकपासून जेमतेम काही किलोमीटरवर असलेल्या, चांगल्या हवेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या नावाला वेडाचा अर्थ चिकटला कसा? त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावे लागते.

घाटमाथ्यावरची छावणी

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील फौजेत गोऱ्या सैनिकांचे प्रमाण वाढवण्याचा निर्णय ब्रिटिशांनी घेतला. परिणामी दरवर्षी हजारो सैनिक विलायतेहून येणार आणि मुदत संपलेले हजारो सैनिक परत जाणार, अशी ये-जा सुरू झाली. या वाहतुकीसाठी १८६० च्या दशकात खास पाच जहाजे बांधण्यात आली. क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस अशी त्यांची नावे होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि या प्रवासाचे केंद्र म्हणून मुंबई बंदराचे महत्त्व आणखी वाढले.

परंतु हजारो सैनिकांना मुंबईत ठेवणे सोयीचे नव्हते. दमट हवा, रोगराई, दाटीवाटी आणि बंदरावरची प्रलोभने, सर्वच बाबी लष्कराच्या दृष्टीने अडचणीच्या होत्या. दुसरीकडे थळ घाटातील रेल्वेमार्ग १८६५ मध्ये पूर्ण झाला होता. त्यामुळे मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असलेले देवळालीचे मोकळे पठार काही तासांच्या अंतरावर आले. पाणी होते, जागा होती, हवा कोरडी होती. येथे बराकी उभ्या राहिल्या. नव्याने उतरलेल्या तुकड्या येथे काही दिवस विसावून, हिंदुस्थानच्या हवेची थोडी सवय करून पुढे आपापल्या पलटणीकडे जात. आणि परतणारे सैनिक येथे थांबून जहाजाची वाट पाहत. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही सैन्याच्या या मुक्कामाची नोंद आहे. त्याच वर्षी या छावणीला लागून असलेल्या भगूर गावात विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला, हा इतिहासातील एक योगायोग म्हणावा लागेल.

येथवर सारे नियोजनबद्ध होते. अडचण होती ती दिनदर्शिकेची. तांबड्या समुद्रातील उन्हाळा इतका भीषण असे, की सैनिकांनी खच्चून भरलेली जहाजे त्या काळात हाकणे धोक्याचे मानले जाई. त्यामुळे सैन्यवाहतुकीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच असे. ज्या सैनिकाची मुदत डिसेंबरात संपे, तो सुदैवी. परंतु ज्याची मुदत मार्चच्या अखेरीस, शेवटचे जहाज सुटल्यावर संपे, त्याला पुढचा हंगाम उजाडेपर्यंत येथेच दिवस काढावे लागत. नोकरी संपलेली आणि घर हजारो मैल दूर, अशा अवस्थेत संपूर्ण उन्हाळा आणि संपूर्ण पावसाळा!

रिकामे दिवस

शिपायाला युद्ध जमते, कवायत जमते, उपासमारही एक वेळ जमते. रिकामपण जमत नाही. देवळालीत परतीची वाट पाहणाऱ्या सैनिकाला नेमून दिलेले काम फारसे नसे. ज्या पलटणीत त्याने सात-आठ वर्षे घालवली, ती दूर कुठे तरी मागे राहिलेली. मित्र पांगलेले. हत्यार जमा झालेले. अंगावर गणवेश आहे, पण कोणत्याही मोहिमेशी संबंध उरलेला नाही. खिशात साठवलेले चार पैसे आहेत आणि ते उडवायला वेळच वेळ आहे.

या अवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन फ्रँक रिचर्ड्‌स या सैनिकाने केले आहे. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीतला हा साधा शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात होता. पहिल्या महायुद्धातील अनुभवांवरच्या पुस्तकामुळे त्याचे नाव झाले आणि १९३६ मध्ये ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात त्याने आपल्या हिंदुस्थानातील दिवसांची हकिगत सांगितली. परतीच्या जहाजाची वाट पाहत देवळालीत पडून राहिलेले सैनिक कसे बिघडत, याचे चित्र त्यात आहे. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता, असे लोक तेथे गुन्हे करून तुरुंगात गेले. काही जण बाहेरख्यालीपणामुळे जडलेले रोग घेऊन इस्पितळात पडले. काही जण विक्षिप्त वागू लागले. एखाद्याने विचित्र काही केले, की बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झाला. छावणीतल्या कंटाळ्यामुळे माणसे ज्या तऱ्हेने वागत, त्यातून हा वाक्प्रचार निघाला असावा, असा अंदाज रिचर्ड्‌सने बांधला आहे. तो त्याने अंदाज म्हणूनच मांडला, हेही लक्षात घ्यायला हवे. तथापि हा अंदाज त्या छावणीत राहिलेल्या माणसाचा आहे आणि म्हणूनच त्याला वजन आहे.

कंटाळ्याच्या जोडीला खरे आजारही होते. हिवताप डासांमुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत तो दूषित हवेचा परिणाम मानला जाई. हिवतापाच्या तीव्र झटक्यात रोगी बरळतो, त्याला भास होतात. उपदंशासारखा गुप्तरोग उपचाराविना वाढला, तर काही वर्षांनी मेंदूवर आघात करतो आणि त्यावरील खरा परिणामकारक उपाय, म्हणजे पेनिसिलिन, १९४० च्या दशकापर्यंत उपलब्ध नव्हता. मद्यपान तर होतेच. शिवाय उष्ण कटिबंधातले ऊन गोऱ्या माणसाच्या मेंदूवर परिणाम करते, अशी त्या काळी डॉक्टरांचीही ठाम समजूत होती. सोला टोपी घातल्याविना उन्हात पाऊल टाकणे हा शिपायांच्या दृष्टीने वेडेपणा होता. तेव्हा कोणाचे डोके हिवतापाने फिरले, कोणाचे दारूने, कोणाचे उन्हाने आणि कोणाचे घराच्या आठवणीने, याचा निवाडा करण्याच्या भानगडीत बराकीतली भाषा पडली नाही. साऱ्यांना तिने एकच नाव दिले.

‘टॅप’ म्हणजे आपला ताप

आता या वाक्प्रचाराची फोड करू. त्यातील पहिला शब्द देवळाली. इंग्रजी वर्णमालेत ‘ळ’ नाही आणि इंग्रजी जिभेला तो जमतही नाही. खडकीची ‘किरकी’, वसईचे ‘बसीन’, शीवचे ‘सायन’ करणाऱ्यांनी देवळालीचे ‘डिओलाली’ केले आणि शिपायांच्या तोंडी त्याचे ‘डूलॅली’ झाले, यात नवल नाही. शिवाय या उच्चारात इंग्रजी बडबडगीताचा एक नाद आहे. अर्थ कळला नाही तरी शब्द ऐकताच हसू यावे, असा तो नाद. शब्द टिकून राहण्यात त्याचाही वाटा असावा.

खरी गंमत दुसऱ्या शब्दात आहे. ‘टॅप’ हा शब्द इंग्रजीतही आहे; त्याचा अर्थ टिचकी किंवा पाण्याचा नळ. परंतु ‘डूलॅली टॅप’मधला टॅप यांपैकी कोणताच नव्हे. तो आहे आपला ‘ताप’. हिंदुस्थानी बोलीत ज्वराला ‘ताप’ आणि ‘तप’ असे दोन्ही शब्द रूढ होते. संस्कृतात ‘ताप’, फारसीत ‘तप’ किंवा ‘तब’. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. याच कुळातील लॅटिनमधून इंग्रजीत आलेला ‘टेपिड’, म्हणजे कोमट, हा शब्दही याच धातूशी नाते सांगतो. थोडक्यात, डूलॅली टॅप म्हणजे ‘देवळालीचा ताप’. मूळ रूपात हे एका ज्वराचे, एका आजाराचे नाव होते. आपण एखाद्या साथीला गावाचे नाव देतो, तसेच हे.

या व्युत्पत्तीखेरीज आणखी एक कथा वारंवार सांगितली जाते. देवळालीत म्हणे गोऱ्या सैनिकांसाठी वेड्यांचे इस्पितळ होते आणि त्यावरून हा शब्द आला. छावणीत लष्करी रुग्णालय होते, त्यात मानसिक रुग्णही येत असणे शक्य आहे. परंतु शब्दाच्या उलगड्यासाठी या कथेची गरज भासत नाही. लोकांनी ‘देवळालीला पाठवा’ असे न म्हणता ‘देवळालीचा ताप झाला’ असे म्हटले, हे पुरेसे बोलके आहे. हा रोग देवळालीत बरा होत नव्हता, तो देवळालीत जडत होता. आणि जडत होता तो तेथे अडकून पडल्यामुळे.

ब्लायटी आणि डूलॅली

ब्रिटिश शिपायांनी आपल्याकडून असे पुष्कळ शब्द उचलले. ‘देखो’वरून ‘डेको’, ‘जल्दी’वरून ‘जिल्डी’, ‘देगची’वरून स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्याला ‘डिक्सी’, ‘रोटी’वरून ‘रूटी’, ‘खुशी’वरून आरामाच्या नोकरीला ‘कुशी’. याच शिपाईभाषेत ‘पक्का’ म्हणजे अस्सल, उत्तम आणि ‘कच्चा’ म्हणजे तात्पुरते, हलक्या प्रतीचे. मालाची प्रत ठरवणारे आपले हे दोन शब्द त्यांनी जसेच्या तसे उचलले. ‘पक्का’ आजही ब्रिटनमध्ये कौतुकाचा शब्द म्हणून वापरात आहे. ‘कच्चा’ मात्र मागे पडला.

यातला सर्वांत हळवा शब्द ‘ब्लायटी’. तो आला ‘विलायती’वरून. हिंदुस्थानी माणसाच्या लेखी विलायती म्हणजे परदेशी. पण शिपायाच्या तोंडी त्याचा अर्थ झाला मायदेश, घर. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला जीवघेणी नसलेली, पण घरी पाठवण्याइतकी गंभीर जखम झाली, तर तिला ‘ब्लायटी’ म्हणत आणि तिचा हेवा करत. डूलॅली आणि ब्लायटी हे दोन शब्द एकाच नकाशाची दोन टोके आहेत. एक पोहोचण्याचे ठिकाण आणि एक अडकण्याचे. दोन्ही शब्द त्यांना आपल्याच भाषांनी दिले, हे विशेष.

पहिल्या महायुद्धाने या शिपाईभाषेला बराकीबाहेर काढले. नेहमीच्या फौजेतले जुने सैनिक आणि नव्याने भरती झालेले लाखो तरुण एकत्र आले आणि हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकलेल्यांच्या तोंडी हे शब्द बसले. १९२५ मध्ये एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांनी सैनिक व खलाशांच्या शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात ‘डूलॅली टॅप’ आहे. म्हणजे तोवर हा प्रयोग कोशात घेण्याइतका रुळला होता.

दुसऱ्या महायुद्धात देवळाली पुन्हा गजबजली. १९४५ मध्ये युद्ध संपले, पण जहाजे कमी आणि माणसे फार. घरी जाण्याच्या प्रतीक्षेतील अस्वस्थता तेव्हा केवळ विक्षिप्त वागण्यापुरती राहिली नाही. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी लांबलेल्या मुक्ततेच्या निषेधार्थ काम बंद केले आणि ते लोण इतर तळांवर पसरले. शिस्तीसाठी नावाजलेली माणसे प्रतीक्षेने किती टोकाला जातात, याचा तो पुरावा होता. जुन्या बराकीत ज्याला ‘डूलॅली टॅप’ म्हणून हसण्यावारी नेले जात होते, तीच वेदना येथे उघड मागणीच्या रूपाने पुढे आली.

याच काळातील देवळालीवर बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका दाखवली. तिचे एक लेखक जिमी पेरी हे स्वतः युद्धकाळात देवळालीत तोफखान्याच्या करमणूक पथकात होते. मालिका तेव्हा तुफान लोकप्रिय झाली. पुढे मात्र भारतीय पात्रांचे चित्रण आणि गोऱ्या नटाने रंग फासून केलेली भारतीयाची भूमिका यांमुळे ती टीकेची धनी ठरली. तिने देवळालीचे नाव ब्रिटनमधल्या घराघरांत पोहोचवले खरे, पण विनोदाच्या वेष्टनात.

काय गळले, काय उरले

या शब्दाच्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच टप्प्यावर दिसते. प्रारंभी वाक्प्रचार ‘डूलॅली टॅप’ असा दोन शब्दांचा होता. हळूहळू त्यातला ‘टॅप’ गळून पडला. कारण उघड आहे. हिंदुस्थानी न जाणणाऱ्या इंग्रजाला ‘टॅप’चा अर्थ लागत नव्हता, नळ आणि टिचकी यांचा वेडाशी काय संबंध? ज्याचा अर्थ लागत नाही ते भाषा टाकून देते. उरले ते नुसते ‘डूलॅली’.

परंतु या काटछाटीत एक अदलाबदल झाली. आजाराचे नाव होते ‘ताप’. ‘देवळाली’ ही केवळ तो जडण्याची जागा होती. आजाराचे नाव गेले आणि त्याचा सारा अर्थ जागेच्या नावावर येऊन पडला. सैनिकांना घरी नेणारे जहाज वेळेवर नव्हते, हा दोष वाहतुकीच्या व्यवस्थेचा. मुदत संपलेल्या माणसाला महिनोन्‌महिने कामाविना ठेवले, हा दोष लष्करी कारभाराचा. हिवतापावर आणि गुप्तरोगांवर पुरेसे उपाय नव्हते, ही त्या काळाच्या वैद्यकशास्त्राची मर्यादा. यांपैकी एकाचेही नाव शब्दकोशात गेले नाही. गेले ते ज्याचा यात काडीचाही हात नव्हता, त्या गावाचे.

लंडनमध्येही असेच घडले होते. बेथलेहेमच्या मेरीमातेच्या नावाने तेथे १२४७ मध्ये एक मठ स्थापन झाला. पुढे त्याचे वेड्यांचे इस्पितळ झाले. ‘बेथलेहेम’चे ‘बेडलाम’ झाले आणि आज इंग्रजीत ‘बेडलाम’ म्हणजे गोंधळ, कल्लोळ. येशू ख्रिस्ताच्या जन्मगावाच्या नावाची ही गत झाली, तेथे देवळालीचा काय पाड?

मराठी वाचकाला मात्र या शब्दात इंग्रजाला न दिसणारे काही दिसू शकते, कारण गळून पडलेला अर्धा शब्द आपला आहे. मराठीत ताप केवळ अंगात येत नाही, तो मनालाही येतो. संताप, अनुताप, पश्चात्ताप, मनस्ताप हे सारे शब्द त्यातूनच झाले. ‘डोक्याला ताप’ हा तर आपला रोजचा वाक्प्रचार. ‘डूलॅली टॅप’चे मराठी भाषांतर करायचे झाले, तर ‘वेड’ हा शब्द चुकीचा ठरेल. ‘मनस्ताप’ हाच शब्द बरोबर बसेल. दिवस मोजत बसलेल्या, ना सैनिक ना नागरिक अशा अवस्थेत लोंबकळणाऱ्या माणसाचा मनस्ताप. मूळ वाक्प्रचारात या दुःखाची कुठे तरी जाणीव होती; ती ‘टॅप’बरोबर गेली आणि थट्टा तेवढी उरली.

आपले हातही स्वच्छ नाहीत

इंग्रजांना दोष देण्यापूर्वी आपल्या बोलण्याकडेही पाहायला हवे. कोणी विचित्र वागले, की ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला भरती करा’ असे आपण सहज म्हणून जातो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मधले. तलावांचे शहर असलेल्या ठाण्याला एवढी एकच ओळख चिकटवताना आपल्याला काही वाटत नाही. आणि ज्या रुग्णालयांनी शतकभर हजारो कुटुंबांना आधार दिला, त्यांचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. आपल्या माणसाला उपचारासाठी तेथे न्यावे की नाही, असा विचार करणाऱ्या कुटुंबाचे पाऊल या थट्टेने अडखळते.

टुकार मालाच्या बाबतीतही आपली ‘ब्रमेजम’ आहेच. नकली वस्तूला ‘उल्हासनगरी माल’ म्हणण्याची पद्धत जुनी आहे आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबई परिसरात दोन पिढ्यांनी ऐकला आहे. योगायोग असा, की उल्हासनगरही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच होती. कल्याणजवळच्या त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार गमावून आलेल्या माणसांनी हाताला मिळेल ते काम केले, मिळेल त्या सामानातून वस्तू बनवल्या आणि पाहता पाहता एक उद्योगनगरी उभी केली. त्या कष्टांचा इतिहास किती जणांना ठाऊक आहे? ‘उल्हासनगरी’चा अर्थ मात्र सर्वांना ठाऊक आहे.

गावावरून पडलेला शब्द गावाविषयी फार थोडे सांगतो. तो वापरणाऱ्यांचे त्या गावाशी कसे आणि किती काळाचे नाते होते, हे मात्र तो नेमके सांगतो. बर्मिंगहॅमला हसणारे ते स्वस्त बटण विकत घेणारे होते. उल्हासनगरला हसणारे तेथला स्वस्त माल वापरणारे. आणि देवळालीला वेडे ठरवणारे तेथून निघून जाण्याची वाट पाहणारे होते. त्यांनी गाव पाहिलेच नाही.

जे गाव त्यांनी पाहिले नाही

ज्या हवेला सैनिकांनी दोष दिला, तीच हवा घेण्यासाठी मुंबईचे लोक देवळालीत येऊ लागले. पारशी, गुजराती कुटुंबांनी तेथे बंगले बांधले, आरोग्यधामे उभी राहिली, आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर देवळालीला जाण्याचा सल्ला देऊ लागले. १९२५ मध्ये तेथे बार्न्स स्कूल ही निवासी शाळा सुरू झाली. पुढे तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आज पाकिस्तानात असलेल्या काकूल येथून देवळालीत आले. भारतीय तोफखान्याच्या अधिकाऱ्यांच्या अनेक पिढ्या येथे घडल्या. नाशिककर या भागाला नुसते ‘कॅम्प’ म्हणतात आणि मोकळ्या रस्त्यांवर सकाळी फिरायला जातात. शब्दकोशातल्या अर्थाची सावली या गावावर कुठे पडलेली नाही.

गंमत म्हणजे हा शब्द आता परत मायदेशीही आला आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या एका बिअरनिर्मिती उपक्रमाने ‘डूलॅली’ हेच नाव घेतले. त्यांच्या पेयगृहांना ‘टॅपरूम’ म्हणतात. गळून पडलेला ‘टॅप’ असा परतला, फक्त या वेळी तो ताप नसून बिअरचा नळ आहे.

मग देवळालीने या शब्दाचे करायचे काय? शब्दकोशातून तो काढून टाकण्याची मागणी करणे व्यर्थ आहे. भाषा अशा मागण्या ऐकत नाही. बर्मिंगहॅमकरांनी काढलेला मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. ज्या अपभ्रंशाने त्यांच्या शहराची नालस्ती केली, त्याच अपभ्रंशाचा पहिला तुकडा त्यांनी आपली ओळख म्हणून घेतला. आज तेथील माणूस स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘ब्रमी’ म्हणवतो. नालस्ती पुसता आली नाही, तरी नाव परत घेता आले.

देवळालीसाठी त्याहून सोपा उपाय उपलब्ध आहे. शब्दाची पूर्ण हकिगत सांगणे, हाच तो उपाय. शिक्षणासाठी, नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या नाशिकच्या मुलामुलींच्या कानावर हा शब्द कधी ना कधी पडतोच. तेव्हा ओशाळून गप्प बसण्याचे कारण नाही. हा शब्द आमच्या गावाचा खरा, पण तुम्ही त्याचा अर्धा भाग विसरलात. उरलेला अर्धा ‘ताप’ होता आणि तो तुमच्याच घराची वाट पाहणाऱ्या तुमच्या शिपायांना चढला होता, एवढे त्यांनी सांगावे. कंटाळा, एकटेपणा आणि अनिश्चित प्रतीक्षा माणसाचे मन पोखरते, हे आज मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. ते शतकापूर्वी देवळालीच्या बराकींतल्या अडाणी शिपायांनी एका ओबडधोबड शब्दात सांगून ठेवले होते. त्या शब्दाकडे पाहताना हसू आले तर येवो. पण ‘ताप’ विसरू नये.